वास आधी येतो

४ मार्च
नवं काम, नवं घर! खोली हवेशीर, पलंग माझा एकटीचा आणि जेवण आयतं. आजवर लोकांच्या घरी सतरंजीवर रात्री काढल्या, त्यामुळे स्वारी खूश. ज्यांना सांभाळायचंय त्या काकांच्या मेंदूत गाठ आहे, तिच्यामुळे त्यांना फिट येते. त्याआधी त्यांना कुजक्या मांसाचा वास येतो. तो गाठीमुळे, म्हणजे खरा नव्हेच. वास आला की ते हात वर करतात आणि मी त्यांना डाव्या कुशीवर वळवते. त्यांच्या बायकोची, मावशींची, एकच अट: हातमोजे घालायचे नाहीत. काकांना परकं वाटतं म्हणे.

७ मार्च
आज फिट आली. तोंडातून फेस, त्यात रक्त आणि सकाळच्या दुधाची साय. सगळं माझ्या उघड्या तळहातावर, कोमट. इतक्या जणांची आजारपणं काढली, पण अशी किळस कधी आली नव्हती. अर्धा साबण झिजवला तरी बोटं बुळबुळीतच वाटतात. मावशी दारातूनच बघत होत्या, त्या जवळ येतच नाहीत. हळव्या असतील, आपल्याला काय करायचंय!

१५ मार्च
स्वयंपाकघरात काहीतरी मरून पडलंय. फ्रिज उपसला, मोरी घासली, ओट्याखाली हात घालून पाहिलं. काही नाही. मावशी हसल्या. म्हणाल्या, आधीची बाईही अशीच घर घासत सुटायची. ती कुठे गेली विचारलं, तर म्हणाल्या, आजारी पडली बिचारी.

२२ मार्च
काकांना आठवडाभर फिट नाही. गाठ लहान झालीय, डॉक्टरही चक्रावले. काका आज आपले आपण चालत गॅलरीत गेले. माझ्या मात्र घशाखाली काही उतरत नाही. घास तोंडाशी नेला की तो सडका वास. ओकले. ओकारीलाही तोच वास.

२६ मार्च
जाग आली तर उशी लाळेने चिकट. लाल. जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं. माझ्या घराण्यात कुणालाच हे— शी! माझ्याच तोंडाची मला किळस येते.

२९ मार्च
अट कशासाठी होती ते कळलं. मावशींना सगळं माहीत होतं. मेली कुठली! पिशवी भरलीय, आत्ता निघते. पेन धरवत नाही—

दारात काका. धडधाकट. हसतायत.

वास—

माझा हात वर जातोय, आपोआप. मावशी आत येतायत, पहिल्यांदाच अगदी जवळ. ‘डाव्या कुशीवर हो,’ म्हणतायत, प्रेमाने. त्यांच्या हातांत रबरी हातमो—