इस्त्रीवालीचे हात

प्रिय ठोंब्या,

तुझ्या आईनं बातमीचं बक्षीस घेतानाचा तुझा फोटो पाठवला. काचेची पाटी छातीशी धरून उभा आहेस. कोट बापाचा आहे, बाह्यांवरून ओळखला. मी पाहिला आणि उलटा ठेवला. राग आला असता तर फोन करून चार शब्द सुनावले असते. ही शिसारी आहे, ती फोनवर सांगता येत नाही, म्हणून तिसरीपर्यंतची अक्षरं जमवून लिहायला बसले. चुका काढत बसू नकोस.

वरच्या मजल्यावरची इस्त्रीवाली तुझ्याशी बोलली ती माझ्या शब्दावर. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या तिच्या कारखान्यात काम भराभर उरकावं म्हणून मुकादमानं इस्त्रीच्या मशीनचं झाकण काढून ठेवलं, आणि हिची दोन बोटं आत भाजून एकमेकांना चिकटली. हे तिनं माहेरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. मीच तिला माझ्या पलंगावर बसवलं आणि म्हटलं, सांग गं, घरचंच पोरगं आहे, तुला काही होऊ देणार नाही. तू मान डोलावलीस. चहाही दोनदा प्यालास.

तुम्ही पेपरवाल्यांनी तिचं नाव बदललंत, तोंड दाखवलं नाहीत, आणि स्वतःवर खूश झालात. मग अर्धं पान भरून छापलंत काय, तर तिचे हात. अरे शहाण्या, तिथे बायका दिवसभर वाफेत तोंडाला फडकी बांधून उभ्या असतात. चादरीच्या या टोकाला एक, त्या टोकाला दुसरी. समोरचीचे हात तेवढे दिसतात. तोंड छापलं असतंत तर एखादा चुकला तरी असता. मुकादमानं पहिला चहा संपायच्या आत तिला ओळखलं आणि गेटवरूनच परत पाठवलं. परीक्षक म्हणाले म्हणे, हे हात बोलतात. बोलले की. नको त्याच्यापाशी बोलले.

तुझी आई म्हणते, बातमीमुळे तिथल्या सगळ्या मशीनांना झाकणं बसली. बसली असतील. तू खोटं लिहिलंस असं मी कुठे म्हणते? खरं लिहिलंस, म्हणून तर जास्त किळस येते. बातमी छापून आल्यापासून या आठ महिन्यांत तू माझ्याकडे तीनदा जेवून गेलास, पण एक जिना चढून वर गेला नाहीस. विचारलं तर म्हणालास, पुढच्या बातमीत अडकलोय. ती दारोदार काम मागत फिरली, बोटं बघून लोक नको म्हणायचे. जिन्यात भेटली की मला वाट द्यायची, वर बघायची नाही. मलाही माझ्या तोंडाची घाण वाटायची. शब्द माझाच होता ना.

तुझं बक्षीस जाहीर झालं आणि मालकाला पुन्हा चौकशीची नोटीस आली. काल मुकादम तिच्याकडे कागद घेऊन आला. हात घरी शेगडीवर भाजला, पेपरवाल्यानं मनचं छापलं, असं त्यात लिहिलंय. सही केली तर सोमवारपासून कामावर. साक्षीला शेजारचं कोणीतरी हवं होतं. ती कागद पुढे धरून माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी चष्मा लावला, अक्षर अक्षर लावून कागद वाचला आणि तिच्या सहीखाली माझी सही केली. तो कागद आता तुझ्या संपादकाकडे येईल. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. ते तुला विचारतील, तुझी आजी खोटी साक्ष देते का. हो म्हणालास तर तिचं काम गेलं, नाही म्हणालास तर तुझं नाव. माझं मी ठरवून सही केली. तुझं तू बघ.

काही झालं तरी तुझीच,
आजी