मामांची मेंढरं आणि पान अकरा

उंब्रज, मंगळवार

ती. समीक्षाताईस,

सोनियाचा नमस्कार. मी बरी आहे, तुझे बाबा बरे आहेत आणि त्यांची एकशे अठरा मेंढरंही सुखरूप आहेत (हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील). तुझी पाठ कशी आहे? हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच हसतेस आणि माझं माफी मागायचं राहून जातं.

गेल्या आठवड्यात मी तुला चौदा फोन केले, तेव्हा एका मेंढपाळाची यादी संगणकातून गेली एवढंच सांगितलं. तो मेंढपाळ म्हणजे तुझेच बाबा, बाळासोमामा. जतहून कळप घेऊन ते इथं आले, तेव्हा आमच्या लसीकरण केंद्रात मीच एकेका मेंढराच्या कानातला नंबर बघून नोंद केली होती आणि गाव ‘उंब्रज’ लिहिलं होतं. चार दिवसांनी त्यांचा फोन आला, “सोने, आमी पाटणात आलो. तितं उंब्रज लिवलं आसंल तर खोड बाई, खोटं नगं.” मलाही पटलं. तळ हलला तसं मी गाव बदललं, आणि अख्खा कळप पडद्यावरून नाहीसा झाला.

शनिवारी आमची गाडी लस घेऊन पाटणला जाणार होती. यादीत नाव नाही तर लस नाही, आणि पुढची फेरी तीन महिन्यांनी. (माझी नोकरीही अजून कायम नाही, पण ते मी त्या दिवसांत मुद्दाम आठवत नव्हते.) आपल्या घरात वाट चुकली की माणसांना विचारायची रीत, म्हणून मी विचारत सुटले. मोबाईल दुकानातल्या पप्पूनं संगणक तीनदा बंद-चालू केला. घरमालक हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, “ह्याला शिस्तच न्हाई!” तू दर वेळी फोनवर एकच विचारायचीस, संगणकाची पुस्तिका वाचलीस का? मी हो म्हणायचे. ते अगदीच खोटं नव्हतं ग. रुजू होताना मी ‘वाचले, समजले’ लिहून सही केली होती. पुस्तिकेला खाकी कव्हर घातलं होतं, नाव घातलं होतं. फक्त उघडली नव्हती. माझ्या नावानं कुणी दिलेलं आपल्या घरातलं ते पहिलं छापील पुस्तक, मळेल असं वाटायचं.

शुक्रवारी आमच्या केंद्राच्या डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनीही तेच विचारलं, आणि त्यांच्यासमोर ती उघडावीच लागली. पान अकरा, ‘फिरते कळप’. नोंदणीचे गाव कधीही बदलू नये, मुक्कामाचा रकाना वेगळा आहे, चुकून बदलल्यास ‘परत घ्या’ दाबावे. दाबलं. एकशे अठरा मेंढरं निमूट रांगेत परत आली. मी रडले, मॅडमनी पाणी दिलं. शनिवारी सगळ्यांना लस टोचून झाली आणि त्या रात्री मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

खोटं बोलले त्याबद्दल माफ कर. यापुढे आधी वाचीन, मगच विचारीन.

तुझी,
सोनिया

ता. क. मामांना यातलं काही सांगू नकोस. यादी पप्पूनंच परत आणली असं समजून ते अजून त्याला देव मानतात.

ता. क. २ आता सगळी पुस्तिका तीनदा वाचून काढली. पान चाळीस आणि पान त्रेसष्ट एकमेकांच्या अगदी उलट सांगतात. शेवटच्या पानावर लिहिलंय, ‘शंका असल्यास केंद्राच्या संगणक चालकास विचारावे.’ ती मीच. तेव्हा रविवारी फोन उचल.