गुटीची झाडं आणि रुसायची खोली

मी, खाली सही करणारी, वय पंचाहत्तरीच्या पुढे, हाडांच्या दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीतून निवृत्त, राहणार सामाईक भिंतीच्या उगवतीकडच्या अर्ध्या घरात, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याने नव्हे, तर स्वतःच्या अकलेने लिहून ठेवते. ही अक्कल शाबूत आहे. इतरांच्या मृत्युपत्रांत हे वाक्य रीत म्हणून घालतात. माझ्या बाबतीत ते घालायला कारण आहे. भिंतीच्या मावळतीकडच्या अर्ध्या घरात राहणारे माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणते, त्यांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं आहे की वहिनींचं डोकं फिरलंय, त्या झाडाला प्लास्टर घालतात. पुढे ते असंही म्हणू लागले की वहिनींना आता व्यवहार कळत नाही, त्यांचं अर्धं घर कोणीतरी सांभाळायला हवं. कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको.

म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ते झाल्यावर मी विचारलं, "तुमच्या डाव्या मनगटाला विद्यार्थी असताना मीच प्लास्टर घातलं होतं. थंडीत अजून ठणकतं का?" त्यांनी मनगट चोळलं आणि सही केली.

१. माझं अर्धं घर, आतल्या सामानासकट, माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावं. फक्त पुढच्या खोलीबद्दल शेवटच्या कलमात वेगळं लिहिलं आहे, ते तिने आधी वाचू नये. ती वाचेलच. लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायची खोड होती, ती गेलेली नाही.

२. बँकेतली ठेवही लेकीलाच. तिने त्यातून काहीतरी निरुपयोगी घ्यावं. सगळं शहाणपणाने गुंतवलेलं मला आवडणार नाही.

३. आता झाड. याची हकीकत लिहिल्याशिवाय पुढची कलमं कोणाला कळणार नाहीत, म्हणून वकिलांनी कपाळाला आठ्या घातल्या तरी लिहिते.

माझे यजमान दुकानांच्या पाट्या रंगवायचे. एका रोपवाटिकेची पाटी रंगवून दिली, तेव्हा मालकाने मजुरीऐवजी हातात मुळं फुटलेली एक काटकी दिली. ती शोभेच्या चेरीची होती. या चेरीला फळ धरत नाही. पानं यायच्या आधी गुलाबी, गच्च पाकळ्यांची फुलं येतात आणि आठवडाभरात सगळी खाली. यजमानांनी ती काटकी दोन्ही घरांच्या मागच्या अंगणात मधोमध लावली. निदान मधोमध असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं.

यजमान गेले आणि भाऊजींनी नवी गाडी घेतली. भाऊजी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या गाडीला ब्रेक लावले, त्यामुळे स्वतःची गाडी हे त्यांचं मोठं अप्रूप. ती त्यांनी चेरीखाली लावली. चेरीच्या सालीतून डिंक पाझरतो. पाकळ्या गळतात. पाखरं येतात. पाखरं आली की काय होतं ते गाडीवाल्यांना ठाऊक आहे. भाऊजींनी मोजणीवाला बोलावला. दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, आणि बुंधा त्यांच्या हद्दीत वीतभर निघाला.

"वहिनी, झाड माझं आहे," ते म्हणाले. "मी तोडणार."

"आणि माझ्या बाजूला आलेल्या फांद्या?"

"त्यांचं काय करायचं ते करा."

हे वाक्य त्यांनी मोजणीवाल्यासमोर आणि माझ्या जावेसमोर उच्चारलं आहे, याची नोंद घ्यावी.

४. झाड तोडायला पालिकेची परवानगी लागते. भाऊजींचा अर्ज तिथे ज्या कारकुनाच्या टेबलावर पोचला, त्याने तो पुरतं दीड वर्ष हलवला नाही. या सद्गृहस्थाला मी ओळखत नाही. तरी माझ्या अंगणातल्या कुंड्यांपैकी एक मोठी, झाडासकट, त्याच्या कचेरीत पोचवावी. त्याच्या आळसाचे उपकार माझ्यावर आहेत. झाडाला पाणी मात्र शेजारच्या टेबलावरच्यांनी घालावं.

५. ज्या रोपवाटिकेतून काटकी आली होती तिच्या मालकाच्या सुनेने मला सांगितलं, "बी धरत नाही, त्यामुळे पेरून उपयोग नाही. गुटी बांधा." गुटी म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडायला लावायचं. पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची, तिच्यावरची दोन बोटं रुंद साल गोल काढायची, उघड्या जागेला ओलं शेवाळ लावायचं, वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं आवळायची. पानांनी केलेलं अन्न खाली उतरायचं थांबतं, तिथेच साठतं आणि शेवाळात मुळं सुटतात.

मला हसू आलं. गुंडाळणं आणि आवळणं यावर माझी सगळी नोकरी गेली. पहिल्या मोसमात शिडीवर चढून माझ्या बाजूच्या फांद्यांना अशा सुबक गुट्या बांधल्या की आमच्या जुन्या सिस्टरबाईंनीसुद्धा नावं ठेवली नसती. सिस्टरबाई प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायच्या. त्यांना या मृत्युपत्रात काही नाही.

भाऊजी गाडीपाशी उभे राहून बघत होते. "काय झालं झाडाला?"

"फ्रॅक्चर," मी म्हटलं.

चूक झाली असेल तर ही एवढीच. त्याच संध्याकाळी पावाच्या दुकानापर्यंत बातमी पोचली.

आणि त्या वर्षीची एकही गुटी लागली नाही. सोडून बघितल्या तर आतली जखम भरून आलेली. वरची आणि खालची साल एकमेकींना जाऊन भिडली होती. साल काढली तरी खालचा हिरवट बुळबुळीत थर मी खरवडला नव्हता, आणि झाडाने तेवढ्यावर स्वतःला बरं करून घेतलं. मी शिडीवर उभी राहून रडले. जन्मभर तुटलेलं जुळावं म्हणून बांधत आले, आणि इथे जुळू द्यायचं नव्हतं. हे हाताला समजावणं फार जड गेलं.

६. दुसऱ्या मोसमात शिडी धरायला जाऊबाई आल्या. कोणी बोलावलं नव्हतं.

त्या माझ्याहून बऱ्याच लहान, बोलायला कमी, आणि रुसायला पक्क्या. भाऊजींशी बिनसलं की त्या चेरीखालच्या बाकावर जाऊन बसायच्या. दोन्ही घरांना ठाऊक होतं. बाकावर जाऊबाई दिसल्या की मी एक कप चहा जास्त टाकायचे आणि भाऊजी स्वतःची भाजी स्वतः गरम करायचे. माहेर केव्हाच मोडलेलं. त्यांचं माहेर म्हणजे तो बाक.

"ताई, खरवडा," त्या खालून म्हणाल्या. "मागच्या वेळी तुम्ही दया दाखवलीत."

खरवडलं. लाकूड पांढरं कोरडं दिसेपर्यंत खरवडलं. उन्हाने शेवाळ तापू नये म्हणून प्लास्टिकवर चकचकीत फॉइल लावली. सगळं झाड वाढदिवसासारखं चमकायला लागलं. भाऊजी गाडी पुसत होते.

"तू पण?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी फक्त शिडी धरलीय," जाऊबाई म्हणाल्या.

उन्हाळा सरता सरता फॉइलची घडी वर करून पाहिलं. प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं, शेवयांसारखी, एकमेकींत गुंतलेली. जाऊबाईंना दाखवायला मी शिडीवरून उतरले आणि त्यांना वर चढवलं. त्या बराच वेळ उतरेनात. गुट्यांखाली फांद्या कापल्या, कुंड्यांत लावल्या, सावलीत ठेवल्या. भाऊजी गल्लीत म्हणाले, "बघा, आता स्वतःच तोडताहेत." परवानगी आली आणि त्यांनी बुंध्यासकट झाड उतरवलं. तो दिवस मी घरात काढला. त्याबद्दल काही लिहीत नाही.

७. झाडांची वाटणी अशी.

एक दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीच्या खिडकीबाहेर. तिथे बसलेल्या माणसाला हात ताठ धरून समोर बघत बसावं लागतं आणि समोर नुसती भिंत आहे.

एक लेकीला. फोनवर ती म्हणाली, "आई, चौथ्या मजल्यावर मी झाड कुठे लावू? गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही." मी म्हटलं, कपडे कमी धू. झाड तिने घ्यायचं आहे, हे नक्की. न घेतल्यास दुसऱ्या कलमातलं निरुपयोगी काहीतरी म्हणजे हेच समजावं.

एक पावाच्या दुकानाच्या मालकिणीला. माझं डोकं फिरल्याची बातमी तिथूनच सगळीकडे गेली, आणि त्यामुळे गुट्या बघायला आलेल्या लोकांनीच पुढे माझ्याकडून रोपं मागून नेली. अशी जाहिरात विकत घेऊ म्हटलं तरी मिळाली नसती.

एक मी आधीच लावलं आहे, माझ्या अंगणात, हद्दीच्या दोरीपासून वीतभर आत. मोजून घ्यावं. काही वर्षांनी त्याच्या फांद्या भाऊजींच्या बाजूला जातील. गेल्यावर त्या फांद्यांचं, पाकळ्यांचं, डिंकाचं आणि पाखरांचं काय करायचं ते त्यांनी करावं. माझी हरकत नाही, माझ्या वारसांचीही नसावी. बुंधा मात्र आमचा.

८. अवजारं. प्लास्टर कापायची कात्री आणि साल काढायचा बाकदार चाकू रोपवाटिकेच्या सुनेला. शिडी जाऊबाईंना, कारण ती धरणं एवढंच आपण केलं असं त्या अजून म्हणतात. भाऊजींची करवत माझ्याकडे आहे. झाड उतरवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती मागून आणली. ती परत देऊ नये. मागितली तर शोधतोय म्हणावं.

९. भाऊजींना काय द्यायचं यावर मी पुष्कळ विचार केला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तेव्हा क्षणभर वाटलं, त्यांनाच साक्षीदार करावं, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर असल्याचं त्यांच्याच सहीने लिहून घेता येईल आणि द्यावंही काही लागणार नाही. पण मग शेवटचं कलम लिहिता आलं नसतं. शिवाय एक गोष्ट खरी आहे. यजमान आजारी असताना रात्री-अपरात्री ड्रायव्हिंग स्कूलची गाडी काढून दवाखान्यात नेणारे भाऊजीच होते, आणि वाटेत त्यांनी एकदाही ब्रेक जोरात लावला नाही.

१०. झाड उतरवल्यानंतर काही दिवसांनी माझं पुढचं दार वाजलं. जाऊबाई उशी घेऊन उभ्या होत्या. काय झालं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"ताई, आम्ही भांडलो. मी बाहेर आले, तर अंगणात नुसतं ऊन. बाक तापलेला. मला रुसायला जागाच नाही राहिली."

मी चहा टाकला. त्या पुढच्या खोलीत आठवडाभर राहिल्या. भिंतीपलीकडे भाऊजी भाजी गरम करत होते, ती करपल्याचा वास येत होता, आणि जाऊबाई डोळे मिटून तो वास घेत होत्या. जाताना त्या म्हणाल्या, "तुमच्यानंतर कुठे जाऊ?" हसत म्हणाल्या, पण उशी दोन्ही हातांनी धरलेली होती.

म्हणून लिहिते: माझ्या घराची पुढची खोली, रस्त्याकडे उघडणाऱ्या स्वतंत्र दारासकट, जाऊबाईंना त्यांच्या हयातीत वापरायला मिळावी. किल्ली एकच असावी आणि ती त्यांच्याकडे असावी. आतून लावायचा अडसर मी नवीन बसवून घेतला आहे. त्यांनी तिथे तासभर रुसावं किंवा वर्षभर, कारण कोणी विचारू नये. त्यांच्यानंतर खोली लेकीकडे जावी. लेकीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, काकू नसतील तेव्हा मी रुसले तर चालेल?" चालेल. त्यांना विचारून.

भाऊजींना मी या खोलीचं दार वाजवायचा हक्क देते. तो त्यांच्या हयातीत कोणी काढून घेऊ नये. दिवसातून कितीही वेळा वाजवावं. उघडायचं की नाही ते आत बसलेलीने ठरवावं.

हे कलम मी मागच्या अंगणात वकिलांना मोठ्याने वाचून दाखवत असताना हद्दीच्या दोरीपलीकडे पाण्याचा पाइप बंद झाला. थोड्या वेळाने भाऊजींचा आवाज आला.

"वहिनी, वाजवायचं म्हणजे घंटी की कडी?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. सबब, पुढे कोणाला शंका राहू नये म्हणून स्पष्ट करते: कडी. घंटी बसवू नये. बोटांनी वाजवावं लागलं की माणूस जरा हळू वाजवतो.

हे सगळं मी वाचून, समजून आणि दोनदा खोडून लिहिलं आहे. याआधी लिहिलेलं मृत्युपत्र नाही. आधी मरायला वेळ नव्हता.

सही: (उजव्या हाताने, चष्मा लावून) प्लास्टरवाली, सामाईक भिंतीच्या उगवतीकडची

आम्हा दोघांसमक्ष सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार पहिले: हाडांचे डॉक्टर. (थंडीत मनगट ठणकतं, हेही खरं आहे.)

साक्षीदार दुसरे: मोजणीवाला. (दोरीपासून बुंधा वीतभर आत आहे. आज पुन्हा मोजला.)

ठिकाण: मागचं अंगण, तापलेला बाक सावलीत ओढून

तारीख: फुलं गळून पानं आल्यानंतरचा दुसरा शनिवार; आकड्यांतली तारीख वकिलांच्या शिक्क्याखाली आहे