उघडून पाहिलेलं इंजिन

रोटोटुना, ६ मार्च २०१६

चि. मनोरमास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे कान गेल्यापासून आपला फोन बंद पडला, त्यामुळे का होईना मी पुन्हा पत्रं लिहायला लागलो. अक्षराला नावं ठेवू नकोस, हात थोडा कापतो.

मकरंदच्या जुन्या गाडीचं इंजिन एकदाचं जोडून झालं. १९७१ची होल्डन, आठ सिलिंडर. मी इथे त्याच्याकडे राहायला आल्यापासून चार महिने आम्ही बापलेक रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये बसत होतो. चौतीस वर्षं मी कारखान्याच्या टेस्ट रूममध्ये इंजिनं तपासली आणि त्याच्या वाट्याला फक्त दमून घरी येणारा बाप आला. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी तो माझ्या हातात पाने देतो, हे असंच का म्हणून विचारतो. आपलं काम मुलाला कळावं एवढीच माझी हौस होती.

आता ईस्ट टामाकीच्या एका वर्कशॉपमध्ये डायनो टेस्ट. इंजिन स्टँडवर बांधतात, भार देऊन पळवतात आणि ताकद मोजतात. नंबर मे महिन्यात आहे, पण मकरंदने इंजिन आत्ताच नेऊन ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

तब्येतीला जप.
तुझा दादा

रोटोटुना, २७ मार्च २०१६

ती. आत्यास सा. न. वि. वि.

एक गोष्ट फक्त तुला सांगतोय. बाबांचा हात कापतो. बोल्ट आवळताना दोनदा पाना निसटला, मी पाहिलं. डायनोवर इंजिन फुल स्पीडला जातं, आत एक बोल्ट सैल राहिला तरी सगळ्याचा चुरा होतो. तोही त्यांच्या डोळ्यांदेखत. माझी झोप उडाली होती.

म्हणून वर्कशॉपवाल्याला इंजिन दाखवलं. त्याने मापं घेतली, सगळं बरोबर आहे, उघडायची गरज नाही म्हणाला. तरी मी ते पूर्ण उघडायला लावलं आणि नवे बोल्ट घालून परत जोडून घेतलं. बाबांना हे कळता कामा नये. किती वर्षांनी ते इतके खूश आहेत. तूही पत्रातून त्यांचं जरा कौतुक कर ना, प्लीज.

तुझा,
मकरंद

पुणे, १८ एप्रिल २०१६

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्यासारखा कारागीर आपल्या घराण्यात झाला नाही. तू हात लावलेलं इंजिन उत्तमच चालणार, मला तिळमात्र शंका नाही. मकरंद भाग्यवान आहे.

बहिणीवर माया असू दे.
मनोरमा

रोटोटुना, १५ मे २०१६

चि. मनोरमास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल डायनो झाली. तीनशे बारा हॉर्सपॉवर. काचेपलीकडे इंजिन असं गर्जलं की पायाखालची फरशी थरथरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

ते इंजिन मी जोडलेलं नव्हतं. बोल्ट आवळून झाला की त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, ही आमच्या टेस्ट रूमची शिस्त. मी एकूण एक बोल्टवर दिला होता. स्टँडवरच्या इंजिनाला एकही ठिपका नव्हता, बोल्टही कोरे करकरीत होते. चालू करण्याआधीच मला दिसलं.

त्याने शंका घेतली याचा राग नाही. कापऱ्या हाताचं काम मीसुद्धा तपासलं असतं. आमच्याकडे एकाचं काम दुसरा उघडून बघायचाच, पण जोडणाऱ्याला शेजारी उभं करून. मकरंदने एका शब्दाने सांगितलं असतं, तर मीच पाना घेऊन पुढे झालो असतो. त्याऐवजी त्याने आकड्यांचा कागद माझ्या हातात दिला, फोटो काढले आणि हे सगळं माझ्या बाबांनी केलं, असं तिथल्या प्रत्येकाला इंग्रजीत सांगत सुटला. लहान मुलाला मुद्दाम जिंकू देतात, तसं मला जिंकू दिलं.

तुलाही ठाऊक होतं. साठ वर्षांत तू माझं असं कौतुक कधी केलं नाहीस. तू मला नेहमीसारखं टोचून लिहिलं असतंस तर बरं वाटलं असतं.

ऑगस्टपर्यंत राहायचं ठरलं होतं, पण मी याच महिन्यात परत येतोय. इथे आता हिवाळा लागतोय, थंडीत गुडघे धरतात, असं मकरंदला सांगितलं. गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. त्याने लगेच मान हलवली आणि तिकीट बदलून आणलं. माझी एवढी एकच गोष्ट त्याने तपासून पाहिली नाही.

भेटीत बोलू. कळावे.
तुझा दादा