मूठभर अंगण

३ नोव्हेंबर १९५७, रविवार

बंगळुरात येऊन आठवडा झाला आणि मी चक्क खूश आहे. कारखान्यातली नोकरी बरी, चामराजपेटेतलं भाड्याचं घर त्याहून बरं: दोन खोल्या, मागे बिनखिडकीची भिंत, पुढे छोटंसं अंगण. नीलाला पाचवा महिना लागलाय, तिला तिथलं ऊन मानवतं. पोपटाचा पिंजरा तिथेच टांगलाय आणि मनी मांजरीनेही कोपरा बळकावलाय. माझी बंदूक तेवढी कपाटात कुढत होती. कारखान्यातल्या सुधींद्रने सांगितलं, कोरमंगलाच्या तळ्याकडे शिकार भरपूर, पण शेतमालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आज सकाळी विचारून आलो. मालक कल्लाप्पा बेळगावकडचा, मराठी बोलणारा. नाचणीचं, भुईमुगाचं सगळं रान त्याने मोकळं दिलं. रीत एकच. म्हणाला, "आमचं शिवार तुमास्नी मोकळं, तर तुमचं अंगण शिवाराला मोकळं. तिथली स्वल्प माती आणून बांधावर टाका, सरी?" मीही हसून सरी, म्हणजे बरं, म्हटलं. भाड्याच्या अंगणाची परवानगी द्यायला माझ्या बापाचं काय जातंय! दुपारीच सायकल मारून मूठभर माती टाकून आलो.

१० नोव्हेंबर

सकाळी एक तित्तर पाडला. घरी येतो तर पोपट पिंजऱ्यात मरून पडलेला. पिंजऱ्याचं दार बंद. छातीला भोक आणि त्यात रक्ताऐवजी तांबडी माती. नीला फार रडली. मी मुंग्यांवर ढकललं, पण माझंच मला पटलं नाही.

१७ नोव्हेंबर

ससा मिळाला. परतलो तेव्हा मनी अंगणात आडवी. तसंच भोक, तशीच माती. शेजारच्या हेमलताबाई म्हणाल्या, कोणी आलं-गेलं नाही, फक्त उभ्या पिकातून वारा जावा तशी सळसळ झाली.

मला भीती वाटत नाही असं लिहायला बसलो होतो. वाटते. तरी पुढच्या रविवारचा मोह सुटत नाही, याची लाजही वाटते.

२४ नोव्हेंबर, दुपारी दोन

मी मूर्ख आहे. भुईमुगात डुक्कर दिसलं, झाडली गोळी. मादी होती. कल्लाप्पाने पोट फाडलं तर आत पिल्लं.

मला नीला दिसली. तिथेच त्याला पोपटाचं, मनीचं, अंगणातल्या मातीचं सगळं सांगून टाकलं. कल्लाप्पाचा चेहरा उतरला. इथले शिकारी ओसाड पडलेल्या घराची माती आणतात, म्हणाला, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी राहत्या घराची आणली असेन असं त्याच्या मनातही आलं नाही. परवानगी परत मागू का, विचारलं. तो म्हणाला, मादी पडायच्या आधी मागायची होती. आता शिवाराची पाळी. दिवस मावळेपर्यंत बाईंना अंगणात येऊ देऊ नका, शिवार उंबरा ओलांडत नाही, एवढं बोलून त्याने मला पिटाळलं.

ऊर फुटेतो सायकल हाणली. नीला आत होती. जिवंत. कडी लावून तिला सगळं सांगितलं. ती पाठ फिरवून बसली. बरोबर आहे तिचं.

अंगणात सळसळ — तिथे गवताची काडी नाही.

चार

मागच्या भिंतीत डबे वाजतायत. ढोलही. माणसांचा गलका, पण शब्द एकही नाही. नीला म्हणते जीव गुदमरतोय, बाहेर ने. तिचा हात घट्ट धरलाय. दुसऱ्या हाताने लिहितोय, नाहीतर मीच —

साडेपाच

हा हाका आहे. मला, शिकाऱ्याला, कळू नये! मागून गलका करायचा, जनावर पुढे पळवायचं, पुढे बंदूक —

गिलावा पडतोय. दिवस मावळायला वीस मिनिटं. देवा, फक्त वीस —

ती म्हणते पोटातलं बाळ दाराकडे ओढतंय —

थांबला. आवाज एकदम —

मी दाराशी उभा आहे. कधी उठलो? हातात तिचा हात नाही — कडी आहे — काढलेली —

नीला, अंगणात नको, नी