गेला तो ब्रेक, डोकं नव्हे

ओस्तेविक, वरची वाडी
मंगळवार, २८ ऑक्टोबर

चि. हालवर यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का? तूरीदची कंबर कशी आहे? बर्गनमध्ये पाऊस पडतोय का, हे विचारत नाही. पडत नसेल तरच ती पत्रात लिहिण्यासारखी बातमी होईल. माझी तब्येत उत्तम आहे. भूक लागते, झोप येते, हाडं सगळी जागच्या जागी आहेत, आणि ज्या डोक्याबद्दल तू दोन पानं टाइप करून पाठवलीस, ते गेली ऐंशी वर्षं जिथे होतं तिथेच, मानेवर आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा छान वाटलं. मग चष्मा लावला. 'तुझ्या वयात' हे शब्द त्यात अकरा वेळा आलेत (मोजलेत). मी जिथे राहायला जावं म्हणतोस त्या लिफ्टवाल्या सदनिकेचं चित्रही पाहिलं, आणि तिथली ती सामाईक खोली, जिथे बारा म्हातारी माणसं गोल बसून कॉफी पिताना हसताहेत. इतकं हसण्यासारखं काय झालंय ते कुठे लिहिलेलं नाही. पण खरी कमाल शेवटच्या परिच्छेदात आहे. गाडीची किल्ली मी शेजारच्या तोर्गाइरकडे नेऊन द्यावी म्हणे! अरे, तोर्गाइरकडे? ज्यानं माझं भूर्जाचं झाड स्वतःचं समजून तोडलं, आणि वर अकरा वर्षं माझ्याशीच अबोला धरला, त्याच्याकडे? इथे बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येते, हे तुला माहीत आहे. गाडी गेली की घर गेलं, हेही तुला माहीत आहे. म्हणूनच तू आधी गाडीबद्दल लिहिलंस आणि मग सदनिकेबद्दल. शाळेत गणित शिकवायचास ना, पायऱ्या बरोबर मांडल्यास.

तुला जे कळलं, ते तोर्गाइरच्या बायकोनं तुझ्या बायकोला, तूरीदला, फोनवर सांगितलेलं. 'म्हातारीनं गाडी आमच्या शेतात घातली.' वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐक.

नऊ तारखेच्या गुरुवारी नवे डॉक्टर माझ्याकडे आले. ऐंशी पूर्ण झाली की गाडी चालवायला डॉक्टरचा दाखला लागतो, त्यासाठी. ट्रोल्स त्यांचं नाव, माणूस डॅनिश, वय तिशीचं, हात स्वच्छ. डॅनिश माणूस बोलतो तेव्हा तोंडात गरम बटाटा असल्यासारखं वाटतं हे तू जाणतोसच, त्यामुळे निम्म्या प्रश्नांना मी अंदाजानंच उत्तरं दिली आणि ती बरोबर निघाली. पहिल्यांदा त्यांनी मला 'आजी' म्हटलं. मी म्हटलं, "मी कुणाची आजी नाही, आणि तुमची तर नाहीच." मग त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं (काढलं, आणि खाली कारखान्याचं नावही घातलं), आणि शंभरातून सात सात वजा करत उलटं मोजायला सांगितलं. मी दोनपर्यंत जाऊन पोचले तेव्हा ते अजून कागदावर पडताळा घेत होते. वाफल आणि तपकिरी चीज मात्र त्यांनी नीट खाल्लं. हे सगळं होईपर्यंत त्यांना सोडून गेलेली दवाखान्याची गाडी दुसऱ्याच गावात अडकली, आणि दोन चाळीसची बोट तर गाठायचीच होती. म्हणून मी म्हटलं, चला, मी सोडते धक्क्यावर.

आपला उतार तुला नव्यानं सांगायला नको. सात वळणं, डावीकडे कडा, उजवीकडे हवा, आणि रस्ता जिथे संपतो तिथे बोटीचा धक्का व त्यापुढे फ्योर्डचं चारशे मीटर खोल पाणी. ज्याच्या सपाट देशात सगळ्यात उंच डोंगरावर गाई चढून चरतात, अशा माणसाला हे नवीन. पहिल्या वळणापासूनच डॉक्टरसाहेब दोन्ही पाय समोर रोवून गाडीचा तळ दाबत होते. मी हसून म्हटलं, "डॉक्टर, पाय मागे घ्या. तुमच्या बाजूला ब्रेक नसतो."

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे मी पेडलवर पाय ठेवला, आणि पेडल सरळ खाली गेलं. कसलाही विरोध नाही. पाण्यात पाय सोडावा तसं. खालून कसलासा छोटा 'टिंग' असा आवाज आला.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आता माझ्याही बाजूला नाही."

त्यांना वाटलं थट्टा. मग त्यांनी माझा पाय पाहिला. तो पेडल खालीवर करत होता आणि गाडी मात्र आपल्याच विचारात चालली होती.

हालवर, मी घाबरले नाही असं लिहिणार नाही. तू माझा भाऊ आहेस, विश्वास ठेवणार नाहीस. पण हात कामाला लागले होते. चौथ्यावरून तिसरा गिअर, इंजिन ओरडलं. तिसऱ्यावरून दुसरा, ते किंचाळलं. हँडब्रेक मी हिसका देऊन ओढला नाही, कारण मागची चाकं जाम झाली की गाडी गोल फिरते आणि मग उजवीकडची ती हवा जवळ येते. बटण दाबून धरायचं, थोडा ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. बाबांनी दुधाच्या ट्रकवर मला हेच शिकवलं होतं (तेव्हा तू मागे दुधाच्या कॅनांच्या मधोमध बसून ओकत होतास). डाव्या हातानं हॉर्न दाबून धरला होता, कारण धक्क्यावर गाड्या रांगेत उभ्या असणार आणि त्यांत माणसं असणार. तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. आरसा कड्याला घासून तिथेच राहिला. कपड्यावर इस्त्री विसरावी तसा जळका वास सुटला.

शेजारून एकदम डॉक्टरांचा आवाज आला. डोळे मिटलेले, दोन्ही हातांनी पट्टा धरलेला, आणि ओठ हलताहेत. मला वाटलं प्रार्थना. नीट ऐकलं तर: "शंभर... त्र्याण्णव... शहाऐंशी... शहाऐंशी..."

"एकोणऐंशी," मी म्हटलं. पाचवं वळण चालू होतं.

"एकोणऐंशी," ते म्हणाले. "मग?"

"बहात्तर. आणि डोळे उघडा, मला डावीकडचा फाटा दिसला की सांगा!"

सहाव्या वळणाला तोर्गाइरच्या शेताकडे चढणारा मातीचा रस्ता आहे. सातव्यानंतर सरळ पाणी. म्हणजे निवड करायला फार वेळ लागला नाही. "तो बघा! डावीकडे!" डॉक्टर ओरडले (आणि या वेळी त्यांच्या तोंडात बटाटा बिलकुल नव्हता), मी वळवली, मागचं एक चाक गटारावरून उडी मारून आलं, आणि मग चढ लागला. तोर्गाइरचा चढ! अकरा वर्षं मी त्या रस्त्याकडे पाहिलंही नव्हतं, पण त्या क्षणी जगात त्याहून सुंदर रस्ता नव्हता. गाडी दमली, हळू झाली, आणि वर तो ओळीनं रचून ठेवतो ना, पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या ओल्या चाऱ्याचे ते मोठे गोळे, ज्यांना सगळे ट्रॅक्टरची अंडी म्हणतात, त्यांतल्या पहिल्या अंड्यात चालत्या माणसाच्या वेगानं जाऊन बसली. अंडं फुटलं. आतला आंबलेला चारा टपावर आला. इंजिन बंद पडलं. शांतता. खाली बोटीचा भोंगा वाजला. दोन चाळीस झाले होते.

डॉक्टर उतरले, दोन पावलं चालले आणि ओल्या गवतात बसले. तोर्गाइर फाटक उघडून आला. आधी त्यानं आपलं अंडं पाहिलं, मग माझ्या गाडीकडे, मग माझ्याकडे, आणि अकरा वर्षांनी तोंड उघडलं.

"बोर्गहिल्ड, लोक दार वाजवतात."

"ब्रेक नव्हता."

"होतं असं. वय झालं की पाय पेडल चुकतो."

"ये," मी दार उघडून म्हटलं. "बस इथे. तुझा तो कोवळा पाय ठेव." (तो एकोणऐंशीचा आहे.)

तो बसला. पेडल दाबलं. ते जमिनीला टेकलं आणि तिथेच लोळत राहिलं. त्यानं पुन्हा दाबलं. मग तो काहीच बोलला नाही, आणि खरं सांगायचं तर तोर्गाइरचा हाच एक गुण मला पूर्वीपासून आवडतो. पण तोवर त्याची बायको फोनकडे पोचली होती.

संध्याकाळच्या आत योस्ताइन मेकॅनिक गाडी ओढून न्यायला आला. तो पेडलखाली डोकं घालून पडला, पायपुसणं झटकलं, आणि करंगळीएवढी एक पिन माझ्या हातावर ठेवली. पेडल आणि ब्रेकची दांडी यांना जोडणारी हीच. ती सरकून पडू नये म्हणून तिच्या टोकाला केसाच्या आकड्यासारखी छोटी क्लिप असते. क्लिप नव्हती. "तुटलेली नाही," तो म्हणाला, "लावलेलीच नाही. कुणीतरी हे सगळं सोडवून परत बसवलंय. महिनेच्या महिने पिन थोडी थोडी सरकत आली असणार. कुणी हात लावला होता, बाई?"

मी म्हटलं, "आठवत नाही." हालवर, आयुष्यात पहिल्यांदा मी म्हातारी असल्याचं सोंग केलं, ते तुझ्यासाठी.

जूनमधला रविवार आठव. ब्रेकचा मागचा दिवा लागत नव्हता, आणि त्याचं बटण पेडलपाशीच असतं. मी म्हणत होते योस्ताइनला सांगते. तू म्हणालास, दोन स्क्रूंसाठी मेकॅनिक कशाला. तीन तास तुझे पाय दारातून बाहेर लोंबत होते. मग नाकाला काळं लावून आत आलास आणि म्हणालास, "ताई, आता ही गाडी तुझ्याहून जास्त टिकेल." तूरीदनं टाळ्या वाजवल्या. तुझं ते भाकीत नऊ तारखेला जवळपास खरं ठरणार होतं.

क्लिप योस्ताइनला गाडीतल्या राखदाणीत सापडली. तुझ्या खोकल्याच्या गोळीच्या कागदात नीट गुंडाळलेली, हरवू नये म्हणून. या पत्रासोबत पाठवत आहे. तिला जपून ठेव. तू ठेवलेल्या वस्तू हरवत नाहीत, हे दिसलंच.

तेव्हा माझं उत्तर असं. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात आहे आणि तिथेच राहील. सदनिका दुसऱ्या कुणाला हसायला द्यावी. तूरीदनं तोर्गाइरच्या बायकोला स्वतः फोन करून खरं काय ते सांगावं, आणि गावभर पसरेल अशा आवाजात सांगावं. आणि 'तुझ्या वयात' हे शब्द तुला यापुढे वापरायचेच असतील तर स्वतःबद्दल वापर. बहात्तराव्या वर्षी माणसानं गाडीखाली शिरू नये.

रागावलेली, पण सदैव तुझीच,
बोर्गहिल्डताई

ता. क. — डॉक्टरांचा दाखला आला. तीन वर्षांसाठी. शेऱ्यात लिहिलंय, 'प्रतिक्रियेचा वेग: स्वतः अनुभवला.' तोर्गाइरनं फुटलेल्या चाऱ्याबद्दल काही घेतलं नाही. उलट काल फाटकाशी येऊन हवेबद्दल एक वाक्य बोलला. मीही एक बोलले. भूर्जाचा विषय दोघांनीही काढला नाही.

दुसरा ता. क. — हे तूरीदला वाचून दाखवू नकोस. गाडी दुरुस्त होऊन दहा दिवस झाले. अंगणातच आहे. मी रोज सकाळी जाऊन आत बसते. पेडल दाबते, ते घट्ट आहे. पुन्हा दाबते. किल्ली लावते, आणि हात पुढे फिरत नाही. मग काच पुसते आणि घरात येते. काच इतकी स्वच्छ कधीच नव्हती. पाव पोस्टाच्या बाई आणून देतात, त्यांना मी सांगितलंय की गाडीचा आरसा यायचा आहे. आरसा केव्हाच बसलाय. शनिवारी ये. गाडी तू चालवायची नाहीस, हात कशाला लावायचा नाहीस, बोलायचंही नाहीस. फक्त शेजारच्या जागेवर बस, पहिल्या वळणापर्यंत. जमलं तर दुसऱ्या. सकाळी दहाची बोट घे. आणि धक्क्यावर उतरलास की माझी वाट पाहत थांबू नकोस, वर चालत ये.