गेअरबॉक्स वाघानं मोडला

धनराज,
कोणी विश्वास ठेवणार नाही, पण तुझ्या गाडीचा गेअरबॉक्स वाघानं मोडला. माझा चष्मा गाडीतच राहिला, म्हणून मी सांगून राहिलो अन तुझी माय लिहून राहिली.

काल काटोलहून येताना वाघ रस्त्यात आडवा बसला. मी रिव्हर्समध्ये पार काटोलच्या बाजारापर्यंत मागं गेलो, तेव्हा गेअरचे दात तुटले. आता गॅरेजवाला म्हणते, वाढीव गॅरंटी आहे, पण गाडीनं काही ओढलं असेल तर मिळत नाही. मले विचारते, "काका, काय ओढलं?" अरे, मी बिडीशिवाय काही ओढत नाही! कालचा पोट्टा माझ्यावर शंका घेते! मी तिथं गेलो तर त्याचं टाळकंच फोडीन. गाडी तुझ्या नावावर आहे, तूच जा अन वाघाचं लिहून सही करून दे.

धनराज, आता हे मी, तुझी माय, माझ्या मनानं लिहून राहिली. सही करू नको. आताच मी तुझ्या बाबाले तोंडावर म्हटलं, "वाघ कुठला जी? नाल्यात फसलेली नत्थूची संत्र्याची बैलबंडी ओढली तुमी, अन दोर म्हणून माह्यं नवं लुगडं बांधलं!"